पुराची ओल केव्हाच गेली. भिंतीत आहे ते दुसरं पाणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत गावभागात तळमजल्याचं घर. पुढचा भाग आजोबांच्या काळचा, दगड-मातीतला. मागच्या दोन खोल्या नंतर वाढवलेल्या, विटांच्या. २०१९ ला घरात छातीएवढं पाणी, २०२१ ला गुडघ्याच्या वर. त्यानंतर तीनदा रंग दिला. ‘पुन्हा पाणी आलं तर पुसून घेता येईल’ म्हणून हॉलला तीन फुटांपर्यंत टाइल्स लावल्या. आता टाइल्सच्या बरोब्बर वर पांढरी पूड सुटते आणि रंगाचे पोपडे निघतात. मागच्या बेडरूममध्ये कपाटामागे काळे ठिपके आलेत, खोलीला कुबट वास आहे. आईंना दमा आहे. ठेकेदार म्हणतो, बुरशीनाशक मारून आतून वॉटरप्रूफ कोटिंग करू, दहा वर्षांची गॅरंटी. करावं का?

नको. निदान आत्ता तरी नको. कारण तुम्ही आणि तुमचे ठेकेदार दोघंही पुराला दोष देताय, आणि पुराचं पाणी तुमच्या भिंतीत आता राहिलेलंच नाही.

विटांची भिंत सुकायला किती वेळ लागतो याचा आमच्या धंद्यात एक ठोकताळा आहे: इंचाला एक महिना. नऊ इंची भिंत दोन्ही अंगांनी उघडी असेल तर चार-पाच महिने, एकच बाजू उघडी असेल तर नऊ. जुनी दीड-दोन फुटी दगडी भिंत वर्ष-दीड वर्ष घेईल. म्हणजे २०२१ च्या जुलैचं पाणी फार फार तर २०२३ पर्यंत. आजही भिंत ओली असेल तर एकतर तिला रोज कुठून तरी नवं पाणी मिळतंय, नाहीतर तुम्ही तिला सुकू दिलेलं नाही. तुमच्या घरात मला दोन्ही दिसतंय.

मी २००५ च्या पुरानंतर या कामात पडलो, तेव्हा एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. २०१९ पर्यंत मला वाटायचं की ओलीतलं मला बरंच कळतं. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५), आणि उतरल्यावर जो तो एकच म्हणत होता, दिवाळीच्या आत घर उभं करून द्या. दिवाळी होती २७ ऑक्टोबरला. पाणी उतरून अडीच महिनेही झाले नव्हते. भिंतीला हात लावला तर कोरडी लागायची, म्हणून मीही पुट्टी भरून प्लॅस्टिक इमल्शन मारून दिलं. घरं छान दिसली, लक्ष्मीपूजन झालं. संक्रांतीच्या आत बहुतेकांचे फोन आले. रंगाखाली फुगे, फुग्याखाली पाणी. मी भिंतीवर रंग नव्हे, रेनकोट चढवला होता आणि ओल आत कोंडली होती. ते काम मी स्वखर्चाने परत केलं. हिशेब अजून आठवतो.

तुमच्या हॉलच्या टाइल्स म्हणजे तोच रेनकोट, जरा महागातला. २०१९ नंतर गावभागात, मारुती चौकाच्या बाजूला, दत्तनगरात अशा टाइल्सची साथच आली होती. पुढच्या पुरात गाळ धुवायला सोय होते, हे खरं. पण जुन्या घरांना जोत्यावर ओलप्रतिबंधक थर नसतो. खाली कृष्णाकाठची काळी माती; ती पाणी धरून ठेवते. दगड-विटांच्या बारीक छिद्रांतून ते पाणी, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, वर चढतं. एरवी ते दोन-अडीच फुटांपर्यंत येऊन हवेत उडून जायचं. तुम्ही तेवढीच भिंत टाइल्सने बंद केलीत. मग ते बिचारं आणखी वर चढलं आणि जिथे टाइल संपते तिथे बाहेर पडलं. जाताना जमिनीतले क्षार तिथे सोडून गेलं. ती पांढरी पूड म्हणजे लोणा. ती बुरशी नव्हे, आणि तिच्यावर बुरशीनाशक मारणं म्हणजे पाय दुखतोय म्हणून डोक्याला बाम चोळणं.

दोन्हींतला फरक घरीच कळतो. पांढरी पूड चिमटीत घेऊन पाण्याच्या थेंबात टाका. विरघळली तर लोणा. काळ्या डागावर पातळ केलेल्या ब्लीचचा एक थेंब ठेवा. दोन-तीन मिनिटांत फिका पडला तर बुरशी, तसाच राहिला तर बहुधा धूळ-काजळी.

एक आडवी गोष्ट, कारण आईंच्या काळजीने तुम्ही ‘ब्लॅक फंगस’ असा शब्द लिहिलाय. २०२१ चा पूर नेमका कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर आला. म्युकरमायकोसिसची (त्यालाच तेव्हा ‘ब्लॅक फंगस’ म्हणायचे) भीती ताजी होती आणि लोक भिंतीवरचे काळे ठिपके बघून हादरत होते. भिंतीवरची काळी बुरशी आणि तो आजार या वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या रंगावरून बुरशीची जात ओळखता येत नाही, आणि घरासाठी ती ओळखायची गरजही नसते. कुठलीही असली तरी काढायचीच असते. पण दमा असलेल्या माणसाला कुठल्याही बुरशीने धाप लागू शकते. अनियंत्रित मधुमेह असेल, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असेल तर त्या माणसाने त्या खोलीत झोपूही नये. आईंचं अंथरूण आजच पुढच्या खोलीत हलवा, बाकीचं नंतर.

आता मागची खोली. तिथल्या ओलीला माझ्या अंदाजाने दोन धनी असू शकतात: पलीकडचं बाथरूम किंवा नुसती कोंडलेली हवा. आधी हे ठरवा. कपाट सरकवा. डागाशेजारच्या भागात साधारण दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस-रात्र ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला दव आलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला आलं, तर खोलीतली दमट हवा गार भिंतीवर बसतेय. मग बाथरूमची मोरी बोळा घालून बंद करा, फरशीवर दोन इंच पाणी चोवीस तास उभं करा, आणि अलीकडची भिंत बघत राहा. रात्री सगळे नळ बंद करून टाकीची पातळी खुणेने नोंदवा, सकाळी परत बघा. यात एक रुपयाही लागत नाही. तुमच्या ठेकेदाराने यातलं काय केलं? डागाकडे बघून चौरस फुटाचा दर सांगितला असेल, तर तो रंगाचा ठेकेदार आहे.

ओल मोजायचं यंत्र कुणी आणलं तर चांगलंच, पण त्यातही एक मेख आहे. दोन सुयांचं मीटर भिंतीतून वीज किती वाहते ते मोजतं. लोणा लागलेल्या भिंतीत क्षारांमुळे वीज तशीही जास्त वाहते, म्हणून कोरडी भिंतही ओली दाखवली जाते. तुमच्या हॉलमध्ये ते मीटर घाबरवणारा आकडा देणार हे मी इथे बसून सांगतो, आणि तोच आकडा दाखवून कोटिंग विकलं जाईल. लाकडावर मात्र ते भरवशाचं: १६ टक्क्यांच्या खाली असेल तर निश्चिंत राहा, २० च्या वर असेल तर बुरशी आणि कूज दोन्ही येणार.

बाथरूम निर्दोष निघालं तर दोष कपाटाचा. उत्तरेची भिंत, तिला ऊन नाही, कपाट अगदी चिकटवलेलं, मागे हवा हलत नाही. भिंतीपासून तीन-चार इंच सोडा, आणि खोलीत एक छोटा आर्द्रतामापक लावा. पाचेकशे रुपयांत मिळतो. आकडा ६० च्या खाली हवा, ५० च्या आसपास उत्तम. ओल्या पृष्ठभागावर बुरशीला मूळ धरायला एक-दोन दिवस पुरतात. कोरड्यावर ती वर्षभर बसली तरी वाढत नाही. आणि तिची बीजं हवेत असतातच. म्हणूनच ‘बुरशी कायमची मारून टाकतो’ या वाक्याला अर्थ नाही. मारून उपयोग नसतो, तहानेने मरेल असं करायचं असतं.

डाग काढायचे कसे? सगळे मिळून तीन बाय तीन फुटांच्या आत असतील तर तुम्ही स्वतः काढा; त्याहून जास्त असतील, किंवा पुट्टीच्या खाली पसरलेले असतील, तर माणूस बोलवा. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा. खोलीचं दार बंद, फटीला ओलं फडकं, खिडकी उघडी, पंखा बंद. पंखा लावून सुक्या बुरशीवर खराटा फिरवणारे लोक मी पाहिलेत. त्या दिवशी ती सगळ्या घरात पेरली जाते. आधी साबणाच्या पाण्याचा फवारा मारून डाग ओले करा, मग घासा. पुट्टी भुसभुशीत झाली असेल तर ती प्लॅस्टरपर्यंत खरवडून पिशवीत बांधून टाका. नंतर ओल्या फडक्याने पुसून घ्या. साधा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याच्या पिशवीतून बीजं परत बाहेर येतात.

ब्लीचबद्दल सगळे विचारतात. टाइलवर, काचेवर चालतं. प्लॅस्टरवर क्लोरीन वरच्यावर राहतं आणि पाणी आत जातं, म्हणजे वरून डाग पांढरा आणि आत बुरशीला पाणपोई. शिवाय मेलेल्या बुरशीनेही दमेकऱ्याला त्रास होतो, म्हणून ती मारण्यापेक्षा काढणं महत्त्वाचं. आणि ब्लीच व संडास धुवायचं ॲसिड कधी, कधी म्हणजे कधीही एकत्र करू नका. क्लोरीन वायू सुटतो. २०१९ ला घर धुताना ‘दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ’ म्हणून बंद बाथरूममध्ये हे करणारी एक काकू आम्ही वेळेत बाहेर काढली होती.

हॉलचं काम मोठं आहे. माझा सल्ला कडू लागेल: टाइल्स काढा. सगळ्या घराच्या नव्हे, लोणा फुटलाय त्या भिंतींच्या. जिथपर्यंत पूड दिसते त्याच्या वर आणखी फूटभर प्लॅस्टर काढा आणि भिंत उघडी सोडा. हे नोव्हेंबरात करा. आपल्या गावाची एक जमेची बाजू लोक विसरतात: सांगलीत मुळात पाऊस कमी, वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्याला बुडवणारं पाणी महाबळेश्वर-कोयनेकडचं, जिथे तो पाच हजारांच्या पार जातो. त्यामुळे आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा इतकी कोरडी असते की भिंत सुकवण्याच्या भाड्याच्या यंत्रापेक्षा चांगलं काम फुकटात करते. तिकडे पाटण-महाबळेश्वरच्या घरांना पश्चिमेच्या भिंतीला पत्रे ठोकून पावसाळा काढावा लागतो. आपल्याला नुसती खिडकी उघडायची आहे.

या चार महिन्यांत भिंतीवर लोणा परत परत येईल. तो कोरड्या ब्रशने झाडून, खाली कागदावर गोळा करून बाहेर टाकायचा. पाण्याने धुवायचा नाही; धुतलात की क्षार विरघळून परत भिंतीत शिरतात. दर खेपेला कमी येत गेला तर आपण बरोबर वाटेवर आहोत.

तोवर बाहेर जाऊन रस्ता बघा. गावभागात डांबरावर डांबर, त्यावर काँक्रीट, त्यावर पेव्हिंग ब्लॉक असं करत रस्ते इतके वर आलेत की कित्येक घरांची जोती जमिनीत गेलीत. एकेकाळी तीन पायऱ्या चढून जायचं ते घर आता एक पायरी उतरून गाठावं लागतं. तुमचं तसं असेल तर पावसाळ्यात अंगणातलं पाणी थेट भिंतीला लागतंय, आणि आतून कितीही महागडं कोटिंग लावलं तरी पाणी त्याच्या मागून ढकलत राहणार. भिंतीलगतची जमीन जोत्यापासून सहा इंच तरी खाली हवी, उतार बाहेरच्या बाजूला हवा. रस्ता आपल्या हातात नाही, पण भिंतीला लागून वीतभर रुंद चर काढून त्यात खडी भरणं आणि पन्हाळीचं पाणी लांब सोडणं आपल्या हातात आहे. निम्मी घरं मी एवढ्यावर बरी झालेली पाहिलीत.

मागच्या विटांच्या भिंतींत जोत्याच्या वर आडव्या सांध्यात भोकं पाडून पाणी अडवणारं सिलेनचं क्रीम भरता येतं; तिथे ते चांगलं काम करतं. पुढच्या दगडी भागात मात्र कुणी ते सुचवलं तर हात जोडा. त्या भिंती दोन अंगांना दगड आणि मध्ये माती-खडे अशा असतात. क्रीम कुठे गेलं ते देवालाही कळत नाही. तिथे चुन्याचं प्लॅस्टर आणि वर चुन्याची सफेदी. जुन्या लोकांना केमिस्ट्री येत नव्हती, पण चुना ओल बाहेर सोडतो आणि त्याच्या दाहकपणामुळे बुरशी धरत नाही, हे ते दर दसऱ्याआधी हाताने करत होते. भिंती तुमच्या पांढऱ्याच राहतील, हवा तो रंग मिळणार नाही, अंगाला थोडी पूड लागेल. ते चालणार नसेल तर वाफ बाहेर जाऊ देणारा, खनिजावर आधारलेला रंग विचारून घ्या. जिप्समची पुट्टी जमिनीपासून चार फुटांत कुठेच नको.

तुम्ही शेवटी विचारलंय की पुन्हा पूर आला तर काय. त्यावर वेगळं लिहावं लागेल, पण ज्या चुका मला दर वेळी दिसतात तेवढ्या सांगतो. पाणी उतरलं की घाईने आत शिरू नका. मातीच्या भिंती पाणी असताना नव्हे, उतरताना आणि त्यानंतरच्या दिवसांत पडतात. पोट सुटलेली भिंत दिसली तर बाहेरच थांबा. मीटरपेटी बुडाली असेल तर वायरमनने तपासल्याशिवाय एकही बटण दाबू नका. भिंतीतल्या वायरींच्या पाइपात गाळ असतो. साफसफाईच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो घ्या, पाण्याची रेषा दिसेल असे. तलाठ्याचा पंचनामा आणि विम्याचा सर्व्हेअर, दोघांनाही खराब वस्तू दाखवावी लागते, म्हणून त्या परस्पर कचऱ्यात जाऊ देऊ नका. घरासाठी कर्ज घेतलं असेल तर बँकेला पॉलिसीची प्रत मागा. भारत गृह रक्षा या २०२१ पासूनच्या प्रमाणित पॉलिसीत पूर येतो, आणि कितीतरी जणांना आपल्याकडे ती आहे हेच माहीत नसतं.

गाळ ओला असतानाच धुवायचा. वाळला की सिमेंट होतो. पुराच्या पाण्यात गटार आणि संडासाचं पाणी मिसळलेलं असतं, म्हणून कापसाच्या गाद्या, उशा, फुगलेलं प्लायवूड यांच्यावर जीव ठेवू नका. सागवानी दार-चौकटी मात्र टाकू नका. सावलीत, हळू सुकवा. उन्हात ठेवलं की पीळ पडतो. जमिनीखालची टाकी उपसून, घासून, ब्लिचिंग पावडरने धुतल्याशिवाय वापरू नका. आणि ज्यांच्या दुकानाला तळघर आहे त्यांनी सगळं पाणी एका दिवसात उपसू नये. बाहेरची काळी माती अजून पाण्याने टम्म असते, आतला दाब काढून घेतला की भिंत आत येते. दोन-तीन फूट उपसा, खूण करा, रात्रभर थांबा. पाणी परत वर आलं तर आणखी थांबा.

सुकवण्याचं यंत्र भाड्याने आणलंत तर दारं-खिडक्या बंद ठेवा. एका बंगल्यात मी विश्रामबागला गेलो तर यंत्र जोरात चालू आणि गॅलरीचं दार सताड उघडं. ते घर नव्हे, अख्खी सांगली सुकवत होते.

तुमच्या बाबतीत लगेच करण्यासारखं एवढंच: ठेकेदाराला थांबवा, आईंना हलवा, कपाट सरकवून प्लॅस्टिकचा कागद लावा. हॉलमधली टाइल्सची सगळी रांग काढायच्या आधी खालच्या कोपऱ्यातली एक आणि तिच्या वर, शेवटच्या ओळीतली एक, अशा दोनच टाइल काढून बघा. खालच्या टाइलमागचा मसाला काळपट, गार लागला आणि वरच्या टाइलमागचा त्याहून कोरडा असेल तर ओल खालून चढतेय. वरची जास्त ओली निघाली तर मी इतका वेळ सांगितलेलं हॉलपुरतं विसरा आणि त्या भिंतीतून नळाची लाइन कुठून गेलीय ते शोधा.